पडद्यावरच्या ठिपक्याची स्मरणशक्ती

द्रवस्फटिकाच्या एका पडद्यावर ठिपक्यांच्या १,०८० आडव्या ओळी आहेत आणि चित्र दर सेकंदाला ६० वेळा नव्याने लिहिले जाते, असे समजा. ओळी एकीमागून एक लिहिल्या जातात. म्हणजे एका ओळीच्या वाट्याला १/६४,८०० सेकंद, जेमतेम १५ मायक्रोसेकंद येतात. पुढची पाळी येईपर्यंत तिचे ठिपके आपापला उजेड कसा टिकवून धरतात?

नळाला पाणी अर्धाच तास येत असले, तरी रांजण भरून ठेवला की दिवसभराची सोय होते. येथेही तीच युक्ती आहे. प्रत्येक ठिपक्यामागे एक ट्रांझिस्टर आणि एक धारित्र म्हणजे कंडेन्सर असतो. पाळी आली की ट्रांझिस्टररूपी नळ उघडतो, धारित्र विद्युत् भाराने भरते आणि नळ बंद होतो. धारित्रावरील विद्युत् दाबानुसार द्रवस्फटिक मागचा उजेड कमीअधिक पुढे सोडतो. साठवलेला हा भार म्हणजेच ठिपक्याची स्मृती.

खरी कसोटी गळतीची! धारित्र अर्ध्या पिकोफॅरडचे व दाब ५ व्होल्ट असेल, तर भार २.५ पिकोकूलोम होतो. तो १५ मायक्रोसेकंदांत भरण्यास सरासरी ०.१७ मायक्रोअँपिअर प्रवाह लागतो. बंद नळातून १ पिकोअँपिअर गळती झाली, तर १/६० सेकंदात दाब सुमारे ०.०३३ व्होल्टने उतरेल. एवढे चालते. पण गळती शंभरपट झाली, तर ३.३ व्होल्ट जातील आणि चित्र बिघडेल. म्हणून उघड्या व बंद स्थितींतील प्रवाहांत लाखाहून अधिक पटींचा फरक हवा.

शिवाय हे ट्रांझिस्टर काचेवर बनवायचे, आणि काच फार तापवता येत नाही. अमेरिकेतील वेस्टिंगहाऊस कंपनीत पीटर ब्रॉडी व सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये कॅडमियम सेलेनाइडच्या पातळ थरांचे ट्रांझिस्टर वापरून ६ इंची चौरस पडदा बनवला. इंचाला २० ओळी, एकूण १४,४०० ठिपके! १९७९ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठात लेकोंबर, स्पिअर व घैथ यांनी अस्फटिकी सिलिकॉनचा ट्रांझिस्टर सादर केला. या सिलिकॉनचा थर सुमारे ३०० अंश सेल्सिअसला काचेवर चढवता येतो आणि बंद ट्रांझिस्टर फारच थोडा गळतो. मोठ्या पडद्यांची वाट येथून मोकळी झाली.

आता हेच चित्र सेकंदाला १२० वेळा लिहायचे झाले तर? गळायला वेळ निम्माच मिळेल, पण भरायलाही निम्माच! मग ट्रांझिस्टरचा कोणता गुण वाढवावा लागेल? वरचे गणित पुन्हा मांडून पाहा.