टेबलावरचा रणगाडा

लेकीने वाढदिवसाला रणगाड्याचा किट मागितला तेव्हा माझ्या कपाळाला आठी पडली होती, हे आधीच सांगून टाकते. अकरा वर्षांची पोर आणि हट्ट कशाचा, तर तोफेचा! तुमच्यापैकी कुणाच्या घरी आज तीच आठी असेल, म्हणून हे बोलायला बसले आहे.

मला धीर आला तो दिवाळीच्या किल्ल्यामुळे. दगड-विटा रचून, गोणपाट चिखलात भिजवून, अळीव पेरून आपण दरवर्षी कौतुकाने किल्ला करतो. तटावर मावळे असतात, पायथ्याशी तोफ असते. म्हणजे तोही लढाईचाच देखावा. तेव्हा आपल्याला भीती वाटत नाही, कारण किल्ल्यामागची गोष्ट आपण मुलांना सांगत आलेलो असतो. मग रणगाड्यामागची गोष्टही सांगायला आपण तयार असायला हवं, एवढंच.

किल्ल्यावरचा मावळा बुरुजाहून मोठा असला तरी चालतो. इथे मात्र सगळं मापात. १/७२ प्रमाणात सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा, तर १/३५ मध्ये साधारण पाच सेंटिमीटरचा. हे १/३५ आलं कुठून, याची गोष्ट लेकीला फार आवडली. जपानमधल्या शिझुओकाच्या तामिया कंपनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन पँथर रणगाड्याचा किट काढला. त्याच्या पोटात मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात एवढा तो केला. नंतर मोजलं, तर प्रमाण १/३५च्या आसपास निघालं. पुढे जगभरच्या कंपन्यांनी तेच धरलं.

सुरुवात छोट्या, थोड्या भागांच्या किटने करा. आम्ही १/७२चे दोन केले आणि मग सेंच्युरियन रणगाड्याकडे वळलो. सुरी वापरताना शेजारी बसा, गोंद आणि फवारा वापरताना खिडकी उघडी ठेवा, रंग पाण्यात विरघळणारे घ्या. बाकी सगळं मूल आपलं आपण शिकतं.

सेंच्युरियनच का? अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात, म्हणजे आपण सगळे अजून नगर म्हणतो तिथे, आम्ही गेलो होतो. खऱ्या रणगाड्याच्या पट्ट्यावर हात ठेवून ती कितीतरी वेळ उभी राहिली. तिथेच मी तिला अरुण खेत्रपाल यांच्याबद्दल सांगितलं. जन्म पुण्याचा, पलटण पूना हॉर्स, वय २१. १६ डिसेंबर १९७१ला बसंतरच्या लढाईत त्यांच्या रणगाड्याला आग लागली, बाहेर पडण्याचा हुकूम आला. पण तोफ अजून चालते आहे म्हणून ते उतरले नाहीत. मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. त्या रणगाड्याचं नाव होतं फमागुस्ता, सायप्रसमधल्या एका बंदराचं. तो सेंच्युरियन होता.

मग घरी महिनाभर फक्त चाकं. सेंच्युरियनला एका बाजूला सहा चाकांच्या जोड्या, म्हणजे दोन्हीकडची मिळून २४ चाकं. प्रत्येक चाक स्प्रूवरून, म्हणजे सुटे भाग जोडलेल्या प्लॅस्टिकच्या चौकटीवरून, कापायचं, साच्याची बारीक रेघ पॉलिश पेपरने घासून काढायची. शाळेच्या वहीत समास आखायला कंटाळणारी मुलगी चाक उजेडात धरून, डोळा बारीक करून बघायची आणि पुन्हा घासायची. किटमधली पाण्यात भिजवून उतरवायची अक्षरं ब्रिटिश पलटणींची निघाली. म्हणून रणगाड्याचं नाव तिने शून्य नंबरच्या ब्रशने स्वतः रंगवलं. इंग्रजीतला शेवटचा ‘ए’ जागा न पुरल्याने आकसला.

आता माझी चूक सांगते. एका बाजूचा पट्टा तिने तिरपा बसवला होता. ती झोपल्यावर मी तो हलक्या हाताने सोडवला आणि सरळ करून ठेवला. चांगलंच करतेय असं वाटलं होतं मला. सकाळी तिने रणगाडा उचलला, फिरवला आणि खाली ठेवला. ‘आई, तू हात लावलास ना?’ एवढंच म्हणाली. पुढचे दहा-बारा दिवस ती त्या टेबलाकडे फिरकली नाही. मी माफी मागितली. रागावली असती तर बरं वाटलं असतं. कळवळून सांगते, मुलाचा पट्टा तिरपा असेल तर तो तिरपा राहू द्या. त्याचा हात तिथे थरथरला होता आणि तरीही त्याने तो बसवला होता. आपल्या सरळ पट्ट्याने ते सगळं पुसलं जातं.

ती परत आली ती एक प्रश्न घेऊन. ‘आत किती माणसं असतात?’ मी म्हटलं, चार. कमांडर, तोफ डागणारा, गोळे भरणारा तोच वायरलेसवाला आणि चालक. ‘मग बाकीचे तिघं कोण?’ मला माहीत नव्हतं. आपण एकाचं नाव पाठ करतो आणि तिथेच थांबतो, हे तेव्हा लख्ख कळलं. दोघींनी शोधलं. प्रयाग सिंग चालक, नथू सिंग तोफेवर, नंद सिंग वायरलेसवर. नंद सिंगही त्याच दिवशी गेले. दोघं वाचले.

‘जळताना दुखलं असेल?’ तिने विचारलं. अशा वेळी विषय बदलू नका, शौर्याचं पांघरूणही घालू नका. मी ‘हो’ म्हटलं. ती बराच वेळ गप्प होती. मीही गप्प राहिले.

देखाव्यासाठी धुराचा कापूस, लाल रंग, सगळं आणून ठेवलं होतं. ते तिने बाजूला सारलं. ‘मी आदल्या दिवशीचं करते. चौघंही असतानाचं. बाहेर बसून चहा पितात.’ असं खरंच घडलं का, हे मी विचारलं नाही. किटमध्ये बुरुजातून डोकावणारा अर्धाच माणूस होता, म्हणून तारेवर एम-सील चढवून चार माणसं तिने घडवली. चाळलेली माती आणि चहाचा वाळवलेला चोथा फेविकॉलने पाटावर बसवला. ही विद्या मात्र किल्ल्याचीच.

आता कप चाललेत. १/३५ प्रमाणात चहाचा कप जेमतेम अडीच मिलिमीटरचा होतो. काल रात्री तिने तीन कपांना कान चिकटवले, चौथा चिमट्यात धरून माझ्यापुढे केला आणि म्हणाली, ‘हा तू लाव.’