भाव बदलला, मग जुना भाव गेला कुठे?

व्हिडिओत हा भाग जरा घाईत झाला, म्हणून इथे सावकाश बघू.

समजा, तुमचा मसाल्याचा धंदा आहे. गरम मसाल्याच्या पाकिटाचा भाव १८० रुपये होता, तुम्ही तो २०० केला. आपल्याला वाटतं, १८० पुसून तिथेच २०० लिहिलं गेलं. पण पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये तसं होत नाही.

जुने दिवाणजी आठवा. चुकलेली ओळ ते पुसायचे नाहीत. तिच्यावर रेघ मारून खाली नवीन ओळ लिहायचे. पोस्टग्रेसचं कामही असंच चालतं.

प्रत्येक ओळीवर दोन छुपे आकडे असतात. एक्समिन म्हणजे ओळ कोणत्या व्यवहाराने आणली, आणि एक्समॅक्स म्हणजे कोणत्या व्यवहाराने बाद केली. समजा, १८० ची ओळ व्यवहार क्रमांक ५०१ ने आली आणि भाव ६४० ने बदलला. मग जुन्या ओळीच्या एक्समॅक्समध्ये ६४० लागतो. नव्या २०० च्या ओळीचा एक्समिन ६४० असतो.

फायदा काय? तुम्ही भाव बदलताय, त्याच वेळी तुमचा भागीदार रिपोर्ट काढतोय. त्याला थांबावं लागत नाही. तुमचा बदल पक्का होण्याआधी सुरू झालेल्या रिपोर्टला १८० दिसतो, नंतरच्याला २००. अर्धवट काही दिसत नाही.

बाद ओळी साठत गेल्या की जागा अडते. म्हणून 'व्हॅक्यूम' नावाची झाडलोट होते आणि ती जागा पुन्हा वापरायला मिळते. मायएसक्यूएलच्या इनोडीबीची पद्धत वेगळी: तिथे मूळ ओळ बदलते आणि जुन्याची माहिती 'अनडू लॉग'मध्ये राहते. तीही पुढे साफ होते.

आता धंद्याच्या कामाची गोष्ट. या जुन्या ओळी डेटाबेसच्या सोयीसाठी आहेत, तुमच्या हिशेबासाठी नाहीत. झाडलोट झाली की १८० गेला! म्हणून तीन गोष्टी करून घ्या:

१. बिलाच्या प्रत्येक ओळीत विक्रीच्या वेळचा भाव साठवा.
२. भावांचा वेगळा तक्ता ठेवा: भाव किती, आणि कोणत्या तारखेपासून.
३. वस्तूच्या नोंदीला आवृत्ती क्रमांक द्या. 'आवृत्ती ३ असेल तरच बदल आणि ४ कर', अशी अट घाला. दोघांनी एकदम बदल केला, तर दुसऱ्याचा बदल लागत नाही आणि पहिल्याचा गुपचूप पुसला जात नाही.

आजचा गृहपाठ: सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी डेमोमध्ये एक बिल बनवा, मग वस्तूचा भाव बदला आणि तेच बिल पुन्हा उघडा. नवा भाव दिसला, तर पैसे देऊ नका. गिऱ्हाइकाच्या हातातलं बिल एक सांगेल आणि तुमचा कॉम्प्युटर दुसरंच. जीएसटी भरताना हा घोळ तुम्हालाच निस्तरावा लागेल.