मे महिन्यातला रविवार, मुंबई आणि आपण दोघं

आम्हा डोंबिवलीकरांना दक्षिण मुंबई म्हणजे ऑफिस. सीएसएमटीला उतरायचं आणि मान खाली घालून कामावर सुटायचं. मुलं मोठी होऊन सुट्टीत आपापल्या वाटेने जाऊ लागली, तसे मी आणि नवरा रविवारी तिथेच भटकायला जाऊ लागलो. तेही ऐन मे महिन्यात. शेजारीपाजारी विचारतात, "एवढ्या उन्हात?" उन्हाचं गणित जमलं की मजा येते. आमचं गणित असं:

१. आधी मेगाब्लॉक बघा, मग बेत करा
रुळांची आणि ओव्हरहेड वायरची कामं रेल्वे रविवारी काढते. ब्लॉक साधारण साडेदहा-अकराला सुरू होतो आणि दुपारी साडेतीन-चारपर्यंत चालतो. त्यामुळे जायचं सकाळी लवकर आणि परतायचं संध्याकाळनंतर. एरवी मी लेडीज डब्यात आणि नवरा जनरलमध्ये. रविवारी सकाळी एकाच डब्यात, समोरासमोरच्या खिडक्या मिळतात. आमची सहल तिथेच सुरू होते.

२. सकाळी पूर्वेचा फुटपाथ धरा
सीएसएमटीची इमारत स्टेशनातून दिसत नाही. रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूला जा आणि मग वर बघा. फ्रेडरिक स्टीव्हन्सची ही वास्तू १८८८ मध्ये पूर्ण झाली आणि २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. तिथून दादाभाई नौरोजी रस्त्याने हुतात्मा चौकाकडे चालत निघायचं. या रस्त्यावरच्या इमारतींना खाली कमानीदार पडव्या आहेत, ऊन आणि पाऊस दोन्ही अडवणाऱ्या. आठवडाभर तिथे फेरीवाल्यांतून वाट काढावी लागते. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, म्हणून वरच्या मजल्यांवरचं नक्षीकाम निवांत बघता येतं.

पुढे ओव्हल मैदान. पूर्वेला हायकोर्ट, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर ही गॉथिक रांग, पश्चिमेला आर्ट डेको इमारती. ही दोन्ही वळणं मिळून २०१८ मध्ये वारसा यादीत आली. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या या टॉवरला त्यांच्या आईचं नाव आहे. सकाळी सावली टॉवरच्या बाजूला पडते, संध्याकाळी आर्ट डेकोच्या. मैदानात एकाच वेळी इतके सामने चालू असतात की एका सामन्याचा फिल्डर दुसऱ्या सामन्याच्या पिचजवळ उभा दिसतो. नवरा इथून लवकर हलत नाही.

३. बारा ते चार छपराखाली
मेच्या मध्याला मुंबईत सूर्य थेट डोक्यावर येतो. साडेबाराच्या सुमारास सरळ उभ्या खांबाचीही सावली पडत नाही. त्या वेळी रस्त्यावर फिरण्यात शहाणपण नाही. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय यासाठीच आहे, असं माझं मत. जॉर्ज विटेटने ते बांधलं, आणि गेटवे ऑफ इंडियाही त्याचाच. मात्र सगळं संग्रहालय एका दिवसात बघायचा हट्ट नको. एका खेपेला दोन दालनं पुरे. कधी लघुचित्रं, कधी मीरपूरखासचे मातीतले बुद्ध. मग बाजूच्या जहांगीर आर्ट गॅलरीत जा. तिथे तिकीट नाही, आणि चित्र कळलं नाही तरी कोणी परीक्षा घेत नाही.

४. एक प्लेट, दोन चमचे
भरपेट जेवलात की दुपार झोपेत गेली. त्यापेक्षा थोडं थोडं, ठिकठिकाणी. धोबीतलावच्या कयानीत (१९०४ पासूनचं इराणी हॉटेल) ब्रून मस्का आणि चहा, दुपारी कोकम सरबत, वाटेत ताडगोळे. ताडगोळे बोटाने दाबून घ्यावेत. मऊ लागले तर कोवळे. टणक असतील तर विकणारा कितीही गोड बोलो, पुढे चला.

५. दिवसभर चिकटून राहायची सक्ती नाही
मला फूटपाथवरची जुनी पुस्तकं चाळायला तासभर लागतो. नवऱ्याला दहा मिनिटांत कंटाळा येतो. भेटायची वेळ आणि जागा ठरवून आम्ही सुटे होतो. परत भेटल्यावर सांगायला दोघांकडे काहीतरी असतं. पंचवीस वर्षं संसार झालेल्यांना याची किंमत कळेल.

६. गाडी घरी ठेवा
पार्किंग शोधण्यात अर्धी चिडचिड आणि अर्धा दिवस जातो. भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून थेट कफ परेडपर्यंत धावते. स्टेशनात उतरलं की घामही सुकतो. बेस्टची एसी डबलडेकर दिसली तर ती कुठे चालली आहे हे नंतर विचारा. आधी वरच्या मजल्यावरची पुढची जागा पकडा.

७. समुद्र शेवटी
मेमध्ये सूर्य सात वाजून गेल्यावर मावळतो. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर सहालाच जागा धरा, नंतर मिळत नाही. तोवर खारा वारा सुटलेला असतो आणि दगडही बसण्याजोगा होतो. सूर्य बुडाला की सगळी गर्दी एकदम चर्चगेटकडे वळते. आपण अर्धा तास बसून राहावं. मग चर्चगेटहून मेट्रोने हुतात्मा चौकानंतरचंच स्टेशन सीएसएमटी.

दिवसात तीन जागा नीट पाहून झाल्या, तर दिवस सत्कारणी लागला. गेटवे, राणीची बाग, बाणगंगा पुढच्या रविवारी. जूनमध्ये पाऊस लागला की चालणं छत्रीपुरतं उरतं. तेव्हा मेमधला एक रविवार आत्ताच मोकळा ठेवा, आणि लग्नकार्याचं आमंत्रण आलं तरी तो सोडू नका.