मराठी दुसरी भाषा म्हणून शिकवताना साधने कोणती वापरावीत?

प्रश्न : मी एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पाचवी ते सातवीला मराठी शिकवते. वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी मराठी बोलली जात नाही. कुणाकडे हिंदी, कुणाकडे तमिळ, कुणाकडे गुजराती. बी.एड.ला आम्ही जे शिकलो ते समोरचं मूल मराठी घरातलं आहे असं धरून. शेजारच्या वर्गात इंग्रजी शिकवणाऱ्या मैत्रिणीकडे पुस्तकं, चाचण्या, नियतकालिकं यांचा ढीग असतो. मराठी दुसरी भाषा म्हणून शिकवणाऱ्यांसाठी असं काही आहे का? मुलांची प्रत्येक चूक सुधारावी का? आणि माझ्यासारख्या शाळेतल्या शिक्षिकेला या विषयात संशोधन करता येईल का?
– एक शिक्षिका, पिंपरी-चिंचवड

उत्तर : साधने आहेत, आणि त्यांतली बरीचशी फुकट मिळतात. पण ती विखुरलेली आहेत, म्हणून दिसत नाहीत. शिवाय कोणते साधन उपयोगी पडेल हे मुले कुठे अडतात यावर ठरते. म्हणून सुरुवात पुस्तकांच्या यादीने न करता तुमच्या वर्गातल्या वह्यांपासून करू.

समजा, मुलांनी काल काय खाल्ले ते लिहायचे आहे. हिंदी घरातले मूल ‘मीने आंबा खाल्ला’ असे लिहील, कारण त्याच्या कानात ‘मैंने’ आहे. तमिळमध्ये क्रियापदाचे रूप कर्त्यानुसार बदलते, त्यामुळे त्या घरातला मुलगा ‘मी पोळी खाल्लो’ लिहिण्याची शक्यता अधिक. ‘माझी पुस्तक’ ही चूक हिंदीतून येते, तिथे पुस्तक स्त्रीलिंगी आहे आणि नपुंसकलिंग नाहीच. गुजरातीत तिन्ही लिंगे आहेत, म्हणून गुजराती मुलांना ‘ते पुस्तक’ तितके परके वाटत नाही. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतला फरक हिंदी मुलांना समजावून सांगावा लागतो, पण तमिळ आणि गुजराती मुले तो घरूनच घेऊन येतात. ‘ळ’चेही तसेच. चूक वरून एकसारखी दिसली तरी तिचे मूळ वेगळे असते आणि मूळ वेगळे म्हणून उपायही वेगळा.

सगळ्या चुका घरच्या भाषेतून येतात असेही नाही. ‘मी काम करलं’ असे मराठी घरातले लहान मूलही म्हणते. ‘बसलं’, ‘पडलं’ ऐकून त्याने नियम पकडलेला असतो आणि तो ‘करणे’ला लावलेला असतो. एस. पिट कॉर्डर या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये एका गाजलेल्या लेखात हेच मांडले : शिकणाऱ्याची चूक म्हणजे त्याच्या मनात त्या क्षणी भाषेची कोणती रचना तयार झाली आहे याचा पुरावा. पुढे १९७२ मध्ये लॅरी सेलिंकर यांनी या मधल्या टप्प्यावरच्या भाषेला ‘आंतरभाषा’ असे नाव दिले. घरची भाषाही नाही आणि पूर्ण मराठीही नाही, पण स्वतःचे नियम असलेली ही भाषा असते. दुसऱ्या भाषेच्या शिक्षकाला ती वाचता येणे सर्वांत आधी आवश्यक आहे, कारण पुढच्या सगळ्या साधनांची निवड त्यावरून होते.

व्याकरणे आणि कोश

मराठी परभाषकांना शिकवण्याची परंपरा जुनी आहे. विल्यम केरी यांनी १८०५ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरहून छापलेले मराठी व्याकरण मुळात परक्या विद्यार्थ्यांसाठीच होते. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात इंग्रज अधिकारी मराठी शिकत, त्यांना ते हवे होते. मोल्सवर्थ यांचा १८३१चा मराठी-इंग्रजी कोश आणि त्याची १८५७ची वाढवलेली आवृत्ती हेही त्याच गरजेतून आलेले काम. मोल्सवर्थ आजही उपयोगी आहे, कारण तो शब्दाबरोबर वाक्प्रचार आणि वापराच्या छटा देतो. मात्र त्यातले अनेक शब्द आता बोलण्यातून गेले आहेत, हे ध्यानात ठेवून तो वापरावा.

वर्गासाठी त्याहून जवळचे काम विसाव्या शतकातले आहे. अमेरिकेतून येऊन फलटणला स्थायिक झालेल्या मॅक्सीन बर्नसन आणि कादंबरीकार जाई निंबकर यांनी १९७५ मध्ये परभाषक विद्यार्थ्यांसाठी मराठीचे संदर्भ-व्याकरण तयार केले. ते बोलल्या जाणाऱ्या मराठीवर उभे आहे. मराठी माणसाला जे सांगावे लागत नाही, नेमके तेच ते सांगते : ‘मला पाहिजे’मध्ये ‘मी’ का चालत नाही, ‘मुलगा’चे ‘मुलाला’ होताना काय घडते. ‘सामान्यरूप’ ही संज्ञा आपण शाळेत पाठ केलेली असते, पण ते परक्याला पायरीपायरीने कसे शिकवावे हे अशाच पुस्तकातून कळते. बर्नसन यांचा छोटा मराठी-इंग्रजी कोशही नवशिक्यांसाठी सोयीचा आहे. सखोल वर्णन हवे असेल तर राजेश्वरी पंढरीपांडे यांचे १९९७चे आणि रमेश धोंगडे व काशी वाली यांचे २००९चे मराठीवरचे इंग्रजी ग्रंथ पाहावेत. मराठीतून वाचायचे तर मोरो केशव दामले यांचे १९११चे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ अजूनही पहिल्या रांगेत आहे.

शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या डिजिटल संग्रहात मोल्सवर्थ, बर्नसन, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश असे सगळे एकत्र शोधता येतात. हा संग्रह सर्वांना खुला आहे.

वर्गात वापरायचे साहित्य

आपल्याच राज्यातले एक साधन शिक्षकांच्या नजरेतून बऱ्याचदा सुटते. बालभारती अन्य माध्यमांच्या शाळांसाठी मराठीची ‘सुलभभारती’ मालिका काढते. नववी-दहावीला प्रथम भाषेसाठी ‘कुमारभारती’ असते आणि द्वितीय वा तृतीय भाषेसाठी ‘अक्षरभारती’. ही पुस्तके पीडीएफ स्वरूपात मोफत उतरवून घेता येतात. तुमच्या सातवीच्या वर्गात नुकताच दुसऱ्या राज्यातून आलेला मुलगा असेल, तर त्याला सातवीचे पुस्तक देण्याआधी दुसरी-तिसरीची सुलभभारती द्यायला संकोच करू नका. वय आणि भाषेची पातळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली, तेव्हापासून अशा मिश्र पातळीचे वर्ग वाढले आहेत.

वाचनासाठी प्रथम बुक्सचे ‘स्टोरीवीव्हर’ हे व्यासपीठ २०१५ पासून आहे. त्यावर मराठी गोष्टी वाचनपातळीनुसार लावलेल्या आहेत आणि परवाना खुला असल्याने छापून वर्गात वाटता येतात. तीच गोष्ट हिंदीत किंवा तमिळमध्येही बहुधा मिळते. मुलाने ती आधी घरच्या भाषेत वाचली तर मराठी वाचताना अर्थ हाताशी असतो आणि लक्ष भाषेकडे देता येते.

प्रशिक्षणाची सोयही आहे. म्हैसूरची भारतीय भाषा संस्था १९६९ मध्ये स्थापन झाली. तिचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात डेक्कन कॉलेजच्या आवारात आहे, म्हणजे तुमच्यापासून फार दूर नाही. इतर राज्यांतून आलेल्या शिक्षकांना तिथे दहा महिन्यांच्या अभ्यासक्रमात मराठी शिकवली जाते. मोठ्यांना शून्यापासून मराठी शिकवण्याचा दीर्घ अनुभव तिथे साठलेला आहे. तिथल्या अध्यापकांशी बोलणे हेदेखील एक साधनच समजा.

तासाची आखणी कशी करावी, यासाठी न्यूझीलंडचे भाषाशिक्षणतज्ज्ञ पॉल नेशन यांची चार धाग्यांची मांडणी मला सर्वांत उपयोगी वाटते. अर्थाकडे लक्ष देऊन ऐकणे-वाचणे, अर्थाकडे लक्ष देऊन बोलणे-लिहिणे, भाषेच्या रूपांचा जाणीवपूर्वक अभ्यास, आणि येत असलेल्याच भाषेत वेग व सहजता आणणे. या चारही गोष्टींना जवळजवळ सारखा वेळ मिळावा, असे ते सांगतात. आपल्याकडे तिसरा धागा बाकीच्या तिन्हींना खाऊन टाकतो. चौथा तर बहुतेक वर्गांत नसतोच. त्यासाठी एक सोपा उपक्रम आहे : मुलाने एकच गोष्ट वेगवेगळ्या तीन सोबत्यांना सांगायची, आधी चार मिनिटांत, मग तीन, मग दोन. नवे काही शिकवायचे नसते, तरी तिसऱ्या वेळी बोलण्यात फरक जाणवतो.

याच्या जोडीला आपल्या देशातला एक प्रयोग आवर्जून वाचा. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या साध्या सरकारी शाळांत इंग्रजी शिकवताना व्याकरणाचा क्रम बाजूला ठेवला आणि नकाशे, रेल्वेची वेळापत्रके अशी कामे मुलांपुढे ठेवली. काम सोडवता सोडवता भाषा रुजते, हा त्यांचा विचार होता. १९८७च्या त्यांच्या पुस्तकात या प्रकल्पाचा सगळा तपशील आहे. मोठ्या पटाच्या, तुटपुंज्या साधनांच्या वर्गांत हे झाले, म्हणून ते आपल्याला परके वाटत नाही. पुणे-लोणावळा लोकलचे वेळापत्रक घेऊन हाच तास मराठीत उद्या घेता येईल.

प्रत्येक चूक सुधारावी का?

नाही, आणि कशी सुधारता याला फार महत्त्व आहे. रॉय लिस्टर आणि लीला रांता यांनी कॅनडातल्या फ्रेंच वर्गांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. शिक्षकांच्या निम्म्याहून अधिक दुरुस्त्या एकाच प्रकारच्या होत्या. मूल चुकले की शिक्षक तेच वाक्य बरोबर करून म्हणत. पण मुलांकडून सर्वांत कमी प्रतिसाद याच दुरुस्तीला मिळाला. शिक्षकाने फक्त अर्थाला दुजोरा दिला असे मुलाला वाटते, चूक झाली हे कळतच नाही. याउलट ‘मी पोळी... काय?’ असे वाक्य अर्धवट सोडून थांबलात, तर मुलाला स्वतः रूप शोधावे लागते. तेव्हा एका आठवड्याला एकच चूक निवडा. तेवढ्या चुकीवर मुलाला थांबवा, बाकीच्या पुढे जाऊ द्या. गोष्ट सांगण्यात रंगलेल्या मुलाला दर वाक्याला अडवले तर ते बोलणेच सोडते, आणि न बोलणाऱ्या मुलाची चूकही दिसत नाही.

संशोधन करता येईल का?

नक्की येईल. तुमच्याजवळ जे आहे त्यासाठी विद्यापीठातले संशोधक शाळांच्या परवानग्या मागत फिरतात. रोजचा वर्ग, तीच मुले, पूर्ण वर्षभर.

प्रश्न लहान ठेवा. ‘मुले मराठी कशी शिकतात’ हा प्रश्न हाती लागणार नाही. ‘सहावीतली हिंदी घरातली मुले “आपण” कुठे वापरतात आणि वर्षअखेर त्यात काय बदलते’ हा लागेल. मग दर सत्रात एकच काम सगळ्यांना द्या. शब्द नसलेले चित्रांचे पुस्तक यासाठी उत्तम. मर्सर मेयर यांचे बेडकाच्या शोधाचे १९६९चे चित्रपुस्तक जगभरच्या भाषासंशोधकांनी याच कारणासाठी वापरले आहे, कारण त्यात शब्दच नाहीत आणि गोष्ट कोणत्याही भाषेत सांगता येते. सर्व मुलांनी एकच गोष्ट सांगितली की तुलना करता येते. पालकांची लेखी संमती घ्या, नोंदींतून नावे काढून खुणा घाला, आणि मूळ वह्या शाळेबाहेर जाऊ देऊ नका.

संदर्भ वाचायला महागड्या वर्गणीची गरज नाही. इंग्लंडच्या यॉर्क विद्यापीठात चालणाऱ्या ‘आयरिस’ संग्रहात संशोधकांनी प्रत्यक्ष वापरलेल्या प्रश्नावल्या आणि चाचण्या मिळतात, तर ‘ओएसिस’मध्ये शोधनिबंधांचे सोप्या भाषेतले एका पानाचे सारांश. अमेरिकी शिक्षण विभागाचा ‘एरिक’ हा सूचीसंग्रह १९६०च्या दशकापासून चालू आहे आणि त्यातले बरेच लेख पूर्ण वाचता येतात. भारतातल्या वर्गांविषयी वाचायचे तर उदयपूरच्या विद्या भवन सोसायटीने अझीम प्रेमजी विद्यापीठाबरोबर सुरू केलेले ‘लँग्वेज अँड लँग्वेज टीचिंग’ हे नियतकालिक जरूर पाहा. ते शिक्षकांसाठीच आहे.

निबंध टंकून घेतलेत तर जपानच्या वासेडा विद्यापीठातल्या लॉरेन्स अँथनी यांची ‘अँटकॉन्क’ ही मोफत संगणकप्रणाली प्रत्येक ‘आपण’ त्याच्या वाक्यासह समोर मांडून दाखवते. देवनागरीसाठी शब्दाच्या व्याख्येत मात्रा-वेलांट्यांच्या चिन्हांचाही समावेश झाला आहे ना, हे सुरुवातीलाच तपासा. नाहीतर शब्द मधेच तुटतात. उच्चारांवर काम करायचे असेल, म्हणजे ‘चाक’मधला आणि ‘चार’मधला च मुले वेगळा उच्चारतात का हे पाहायचे असेल, तर ॲमस्टरडॅमची ‘प्राट’ ही ध्वनिविश्लेषणाची संगणकप्रणालीही मोफत आहे.

शेवटी एक कळकळीची विनंती. इंग्रजी शिकणाऱ्यांच्या भाषेच्या नोंदी जगात अफाट आहेत. मराठी शिकणाऱ्यांच्या त्या मानाने फारच थोड्या, आणि ही उणीव परदेशातले कुठले विद्यापीठ येऊन भरून काढणार नाही. ती मुंबई, पुणे, नागपूर, पणजीच्या वर्गांतूनच भरून निघेल. तुमच्यासारख्या दोन-तीन शाळांतल्या शिक्षकांनी मिळून एकच चित्रगोष्ट निवडावी, मुलांकडून ती सांगून घ्यावी आणि घरच्या भाषेनुसार चुकांची एक सामाईक वही ठेवावी. एका वर्षात त्या वहीतून पुढच्या वर्षीच्या पाठांचा क्रम ठरवता येईल, आणि तीच वही नव्या शिक्षकाच्या हाती देता येईल. मराठीला आज या साधनाची सर्वांत जास्त गरज आहे, आणि ते तयार करणे तुमच्या हातात आहे.