चूक तेवढी माझी

गंधर्व नाटक मंडळी १९११ साली स्थापन झाली, असं आमच्या जुन्या नाटकांच्या प्रदर्शनात चौथ्या फलकावर लिहिलं होतं. ते चूक आहे. १९११ साली 'मानापमान' रंगभूमीवर आलं, आणि तेही किर्लोस्कर मंडळीनं केलं. बालगंधर्व, टेंबे आणि बोडस तिथून बाहेर पडले आणि त्यांची स्वतःची मंडळी निघाली ती १९१३ साली. मला हे इतकं पक्कं माहीत आहे, कारण ती चूक मीच केली होती, रात्री दीड वाजता, डोळे मिटत असताना. सकाळी लक्षात आलं, तेव्हा दुरुस्त मसुदा लगेच मेल केला. तो कोणी उघडला नाही. पहिलाच मसुदा माझ्या अर्धविरामांसकट फलकावर चढला आणि खाली आलं : 'संशोधन व लेखन', पुढे प्रदर्शन भरवणाऱ्या सरांचं नाव.

उद्घाटनाला आलेल्या एका आजोबांनी ते साल पकडलं. काठी फलकाला टेकवून त्यांनी सरांना हाक मारली. मी चार हातांवर उभी होते, आईची पैठणी नेसून. सर हसले आणि म्हणाले, "मुलांनी केलंय हो ते. विद्यार्थीच आहेत, चालायचंच."

म्हणजे बाराच्या बारा फलक सरांचे, आणि एक साल तेवढं मुलांचं.

मुलं म्हणजे मी आणि माझी मैत्रीण. एम. ए.च्या पहिल्या वर्षाला आम्हाला चार क्रेडिटचं ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामातलं प्रशिक्षण, होतं, १२० तासांचं. ते आम्ही या प्रदर्शनासाठी केलं. मी निदान त्याच्या तिप्पट तास दिले. जुन्या नाटकांची हँडबिलं, तिकिटांचे दर छापलेले पिवळे पडलेले कागद, कात्रणं. एकेक कागद पुसायचा, स्कॅन करायचा, यादीत चढवायचा. हात धुऊन कोरडे करायचे, कागदावर काही लिहायचं तर मागच्या बाजूला, मऊ शिसपेन्सिलीनं, हे मी तिथेच शिकले. तेही सरांकडून नाही, संग्रह सांभाळणाऱ्या काकांकडून. त्यांचं नावही फलकावर नव्हतं.

पीएमपीचा पास माझाच. एकदा जेवणाचं विचारलं तर प्रदर्शनाचं काम बघणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "अगं, असलं काम पैशात मोजायचं नसतं." छपाईवाल्याचं, मांडववाल्याचं, समोशांचं बिल मात्र पैशातच मोजलं गेलं. बिलं मीच फायलीला लावत होते, म्हणून सांगते.

नंतर सरांना फलकावरच्या नावाचं विचारलं. ते म्हणाले, आम्ही तुमच्या वयात सतरंज्या उचलल्या. सतरंज्या मीही उचलल्या आहेत! पुरुषोत्तम करंडकासाठी दोन वर्षं बॅकस्टेज केलंय. महाराष्ट्रीय कलोपासकची ही स्पर्धा १९६३पासून चालू आहे आणि भरत नाट्य मंदिराच्या विंगेत कितीक पिढ्यांनी घाम गाळलाय. तिथेही पैसे मिळत नाहीत. पण प्रॉपर्टी कोणाकडे, लाइट कोणाचे, हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि क्यू चुकला तर चुकवणाऱ्याचं नाव जसं निघतं, तसंच जमला तर जमवणाऱ्याचंही. फुकट काम करण्याला माझी ना नाही. बेनामी कामाला आहे.

तर आता जे कोणी अशा बिनपगारी कामात पडू बघताहेत त्यांच्यासाठी. पहिल्या दिवशी साध्या कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या : काम काय, किती तास, नाव कुठे आणि कसं छापणार. "आपल्यात कशाला कागद?" असं ऐकू आलं तर समजा की कागद हवाच आहे. १९५७चा कॉपीराइट कायदा मी फार उशिरा उघडला. नोकरीत किंवा उमेदवारीच्या करारात केलेलं लिखाण वेगळा करार नसेल तर मालकाचं होतं. असा कुठलाच करार नसलेल्या बिनपगारी विद्यार्थ्याचं मात्र आपोआप दुसऱ्या कोणाचं होत नाही. हक्क द्यायचा तर कलम १९प्रमाणे लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. शिवाय हक्क दिल्यावरही हे माझं आहे असं म्हणायची मुभा कलम ५७ देतं. कोर्टात कोण जाणार म्हणा. पण हे आधी माहीत असतं तर मसुदा व्हॉट्सअॅपवर 'घ्या सर' म्हणून टाकला नसता. मसुदा मेलनंच पाठवायचा, वर स्वतःचं नाव, तारीख, आणि कितवा मसुदा तेही. तासांच्या वहीवर दर आठवड्याला सही घ्यायची, शेवटी एकदम नाही. शेवटी सर दौऱ्यावर असतात.

प्रमाणपत्रावर काय लिहिणार तेही आधी विचारा. माझ्या प्रमाणपत्रावर आलंय, 'आयोजनात सहकार्य'. यादीतल्या साडेआठशे नोंदी म्हणजे आयोजनातलं सहकार्य!

बाकी वेळ पाळा, नम्र राहा वगैरे आहेच.

असं काम शिकायला कुठे जायचं, असं ज्युनिअर विचारतात. पुण्यात असाल तर मोडी लिपी शिका. हे मी फार गांभीर्यानं सांगते. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१०पासून उभं आहे, तिथली दप्तरं मोडीत आहेत, आणि मोडी वाचणाऱ्याला कोणी खुर्च्या मांडायला लावत नाही. सिनेमाची ओढ असेल तर फिल्म इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानं चालवलेल्या रसास्वाद शिबिराची चौकशी करा. गाणं, नाच, नाटक गुरूकडे शिकत असाल आणि वय १८ ते २५ असेल, तर केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, महिना पाच हजार, दोन वर्षं. आमच्या वर्गात एकालाही ती माहीत नव्हती. संगीत महोत्सवात स्वयंसेवक व्हायचं तर जरूर व्हा, पण पास तपासायला उभं केलं तर गाणं पाठमोरं ऐकावं लागतं. कलाकारांची ने-आण किंवा ध्वनिव्यवस्था मागून घ्या. मागितल्याशिवाय देत नाहीत.

आणि जाण्याआधी तिथे पूर्वी काम केलेल्या एखाद्या मुलीला गाठा. मी गाठलं नव्हतं. पुढे कळलं, माझ्या आधी दोघी होत्या.

गेल्या महिन्यात मॅडमचा फोन आला. प्रदर्शन सांगलीला न्यायचं होतं, फलक नव्यानं छापायचे होते. "अगं, ते साल नेमकं कोणतं गं?" मी म्हटलं, मेल बघा, १४ तारखेची, वर 'दुरुस्त मसुदा' लिहिलंय, खाली माझं नाव आहे.

ती अजून उघडलेली नसावी. सांगलीच्या फोटोतही १९११च दिसतंय.