कायरोप्रॅक्टिकसाठी जपान? आधी तिथला कायदा वाचा

बारावीचा निकाल लागला की मला त्याच त्या प्रश्नांचे फोन सुरू होतात. गेल्या काही हंगामांत त्यांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. मुलाने मोबाइलवर पाठीचे मणके कटकट वाजवणाऱ्या कायरोप्रॅक्टरांचे व्हिडिओ पाहिलेले असतात. कुणीतरी ‘जपानमध्ये मसाजवाल्यांना फार मागणी आहे’ असे सांगितलेले असते. मग आईवडील विचारतात, ‘पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकतोच आहे, तर तिकडे कायरोप्रॅक्टिक आणि मसाज दोन्ही शिकायला पाठवू का? कर्ज काढायची तयारी आहे.’

काढू नका.

जपानमध्ये कायरोप्रॅक्टिकला सरकारी परवानाच नाही. ऑस्ट्रेलियाच्या आरएमआयटी विद्यापीठाने 1995 मध्ये टोकियोत त्याचा रीतसर अभ्यासक्रम सुरू केला होता. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 च्या मार्गदर्शक सूचनांत पूर्ण शिक्षणासाठी किमान 4200 तास सांगितले आहेत. पण इतके शिकून बाहेर पडलेला आणि थोडक्या दिवसांचा कोर्स करून पाटी लावणारा, जपानी कायद्याच्या लेखी दोघे सारखेच. तिथल्या आरोग्य मंत्रालयाने 1991 मध्ये एक परिपत्रक काढले आणि त्यात मान झटक्याने फिरवण्याचे प्रकार टाळायला सांगितले. व्हिडिओत सगळ्यांत जास्त टाळ्या मिळवणारा प्रकार नेमका तोच आहे. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात होण्याचा धोका क्वचितचा असला तरी खरा आहे, आणि सतरा वर्षांच्या मुलाला तो व्हिडिओत दिसत नाही.

मसाजची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. 1947 च्या कायद्यानुसार ‘अन्मा-मसाज-शिआत्सू’ हा राष्ट्रीय परवान्याचा व्यवसाय आहे. बारावीनंतर किमान तीन वर्षे शरीररचना, शरीरक्रिया, विकृतिशास्त्र शिकायचे, मग राष्ट्रीय परीक्षा द्यायची. परवाना नसताना मसाजचा धंदा केला तर 5 लाख येनपर्यंत दंड होतो. ‘रिलॅक्सेशन’च्या दुकानांच्या पाट्यांवर मसाज हा शब्द टाळलेला असतो, तो यामुळेच.

तीन वर्षे तिथे काय शिकतात? अन्मामध्ये कपड्यांवरून, शरीराच्या मध्यापासून हातापायांच्या टोकांकडे दाबत जातात. पाश्चात्त्य पद्धतीच्या मसाजमध्ये त्वचेवर, टोकांकडून हृदयाच्या दिशेने हात फिरतो. शिआत्सूमध्ये दाब मुख्यतः अंगठ्याने द्यायचा, पण जोर बोटांचा नसतो. हात सरळ ठेवून शरीराचे वजन अंगठ्यावर हळूहळू सोडायचे असते. हे ज्याला जमत नाही त्याचाच अंगठा आधी दुखायला लागतो.

मणक्यावर काम करणाऱ्याला अशा हातांची गरज का पडते, हेही मुलांना सांगायला हवे. दुखऱ्या सांध्याभोवतीचे स्नायू शरीर आपोआप आवळून धरते. त्या आवळलेल्या अवस्थेत सांधा हलवायला गेले की शरीर विरोध करते. खांद्यावरचा ट्रॅपिझियस आणि कण्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू आधी सैल केले तर पुढचे काम कमी जोरात भागते. जुनाट कंबरदुखीबद्दलच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या सूचनांत मणक्यावरचे हस्तोपचार आणि मसाज दोन्ही आहेत, पण व्यायाम आणि रुग्णशिक्षण यांच्या जोडीने. एकटा मणके वाजवणारा माणूस त्यात कुठेही नाही.

मग मसाज शिकायला तरी जपानला पाठवावे का? डोळस मुलाला नाही. जपानच्या वैद्यकीय कामाच्या व्हिसाच्या यादीत डॉक्टर आहेत, नर्स आहेत, फिजिओथेरपिस्टही आहेत. मसाजचा परवानाधारक त्या यादीत नाही. तीन वर्षे शिकून, जपानीतून परीक्षा पास होऊन, हातात परवाना असूनही केवळ त्याच्या आधारावर परदेशी मुलाला तिथे राहून काम करता येत नाही. एजंट हे सांगत नाहीत. निवासाची कोणती परवानगी मिळणार, हे लेखी मागा आणि मगच पुढे बोला.

हाताने बरे करण्याची खरी ओढ असेल तर इथे फिजिओथेरपी करा. महाराष्ट्रात बीपीटीएच या अभ्यासक्रमाचा प्रवेश नीटमधून होतो, पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते, राज्य परिषदेत नोंदणी होते. भारतात कायरोप्रॅक्टिकसाठी अशी स्वतंत्र परिषद नाही. यापेक्षा जास्त सांगण्यासारखे त्यात काही नाही.

सांगायचे आहे ते पालकांना. मसाज म्हटले की तुमची मान खाली जाते आणि कायरोप्रॅक्टिक म्हटले की ताठ होते, कारण एका शब्दात चौपाटीवरचा तेलमालिशवाला दिसतो आणि दुसऱ्यात नावापुढचे ‘डॉ.’. घरात बाळंतीण आली की तेल लावणाऱ्या बाईचा नंबर तुम्हीच चार घरी विचारता. तिच्या हाताला गुण आहे म्हणता आणि पैसे देताना घासाघीस करता. पोटच्या मुलीने तेच काम शास्त्रशुद्ध शिकायचे म्हटले की ‘लोक काय म्हणतील’ सुरू होते. हा जातीचा आणि प्रतिष्ठेचा माज आहे. त्यापायी मुलांना खोट्या पदव्यांच्या मागे ढकलू नका.

आणि ज्या मुलांसाठी जपानचा रस्ता खरोखर बांधलेला आहे, त्यांच्याबद्दल मला कुणी विचारत नाही. ती म्हणजे दृष्टिहीन मुले. सतराव्या शतकातला सुगियामा वाइची स्वतः अंध होता. अ‍ॅक्युपंक्चरची सुई बारीक नळीतून टोचण्याची पद्धत त्याच्या नावाने ओळखली जाते, आणि अंधांना ही विद्या शिकवणाऱ्या शाळा त्याने काढल्या. आजही जपानमधल्या अंधशाळांत मसाज आणि अ‍ॅक्युपंक्चर शिकवतात आणि राष्ट्रीय परीक्षा ब्रेलमधून देता येते. अंधांची रोजीरोटी जाऊ नये म्हणून डोळसांसाठी मसाजचे नवे अभ्यासक्रम नाकारण्याची तरतूद 1964 मध्ये कायद्यात आली. एका संस्थेने तिला आव्हान दिले, तेव्हा फेब्रुवारी 2022 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली.

परदेशी दृष्टिहीन तरुणांना तिथे नेऊन शिकवणारी संस्थाही टोकियोत आहे: आंतरराष्ट्रीय दृष्टिहीन साहाय्य संघ. सुदानचे मोहम्मद ओमर अब्दिन 1998 मध्ये जपानला गेले, फुकुईच्या अंधशाळेत अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि पुढे त्यांनी टोकियोतल्या परकीय भाषा विद्यापीठातून पीएचडी केली. भाषेची भीती वाटत असेल तर एक लक्षात घ्या. जपानी ब्रेल उच्चारांवर चालते. डोळस विद्यार्थी ज्या हजारो कांजी चित्राक्षरांपुढे हात टेकतात, त्यांच्याशिवाय ती वाचता येते.

व्हिसाची अडचण इथेही आहे, म्हणून परत येऊन काम करायचे ठरवूनच जावे लागेल. पुण्यात कोरेगाव पार्कला अंधशाळा आहे आणि जपानी शिकवणारे वर्ग गल्लोगल्ली आहेत. ज्या घरात असे मूल आहे आणि त्याला हाताच्या कामाची आवड आहे, त्यांनी दहावीनंतरच भाषेला सुरुवात करावी. टोकियोच्या संस्थेला पत्र लिहून वयाची, शिक्षणाची आणि भाषेची अट विचारावी. पत्र कसे लिहायचे ते कळत नसेल तर माझ्याकडे या. या कामासाठी मी फी घेत नाही.