काकडं किती घालायची?

मुरबाड सोडून माळशेजच्या वाटेला लागलं की टोकावडे येतं. तिथं माझी आजी राहायची. मी कल्याणला नोकरीला. दर फेरीला ती ओटीवर काहीतरी निवडत, पाखडत बोलत असायची आणि मी मोबाईल बघत नुसता हुंकार भरायचो. तिच्या जात्यावरच्या ओव्या, म्हशाच्या जत्रेच्या आठवणी, कोणत्या शेताला काय नाव आणि का, हे सगळं एकदा फोनमध्ये भरून घ्यायचं मनात होतं. आधी शिमग्याला म्हटलं, मग दिवाळीला. त्याआधीच ती गेली.

आमच्याच मुरबाड तालुक्यात फांगणे गावी शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू केली. साठीच्या पुढच्या, अगदी नव्वदीला टेकलेल्या आज्या गुलाबी लुगडं नेसून पाटीवर अक्षरं गिरवू लागल्या. ती बातमी मी आजीला वाचून दाखवली. जन्मभर अंगठा देत आलेली ती बाई लगेच म्हणाली, "मला दावशील का रं ती शाळा?" मी म्हटलं, "नेतो की." नेलं नाही. ते दोन शब्द अजून माझ्या छातीवर आहेत.

पहिल्या पावसानंतर शेवळं ही रानभाजी निघते, तेव्हा आई नि मी चुलीपुढे अडतो. आतला पिवळा भाग काढून टाकायचा, घसा खवखवू नये म्हणून काकडं या रानफळांचा आंबट रस घालायचा, एवढं ठाऊक आहे. पण किती? ते आजीच्या हाताला माहीत होतं. दोनदा भाजी टाकून द्यावी लागली.

तुमची आजी असेल, आजोबा असतील, तर त्यांना समोर बसवून मुलाखत घेऊ नका, माणूस अवघडतो. त्यांच्यासोबत कामाला बसा. भाजी निवडताना, दोरी वळताना ती आपोआप बोलतात. फोन बाजूला चालू ठेवा, ते त्यांना सांगूनच. 'जुनं काहीतरी सांग' म्हणू नका. लग्नात कोण रुसलं होतं, दुष्काळात काय खाल्लं, असं नेमकं विचारा. आणि त्यांनी काही मागितलं, कुठे न्यायला सांगितलं, तर त्याच आठवड्यात न्या.

शेवळं थोडेच दिवस मिळतात. या पावसाला गावी जा.